सेशन टाइमआउट १५ मिनिटं केला की सॉफ्टवेअर सुरक्षित झालं का?

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, ऑफिसात एक वाद चाललाय त्यावर तुमची मतं हवीत. मी ऐरोलीत एका मध्यम कंपनीत आहे, आम्ही सीएफएसवाल्यांसाठी, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनसाठी सॉफ्टवेअर करतो. गेट-इन, यार्डात कंटेनर कुठे ठेवला, सर्व्हे, बिलिंग, डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) बघून माल सोडणं, सगळं त्यातच. बहुतेक ग्राहक उरण-द्रोणागिरी पट्ट्यातले. त्यातल्या एका मोठ्या ग्राहकाने बाहेरून व्हीएपीटी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सुरक्षेची तपासणी, करून घेतली आणि रिपोर्ट आमच्याकडे पाठवला.

लॉगिनबद्दल तीन मुद्दे निघालेत. एक, लॉगआउट केल्यावरही जुनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली लॉगिनची खूण, चालते, कारण आमचं लॉगआउट फक्त ब्राउझरमधली कुकी पुसतं आणि लॉगिनच्या पानावर नेऊन सोडतं, सर्व्हरवरचं सेशन तसंच जिवंत राहतं. दोन, लॉगिनच्या आधी जो सेशन आयडी असतो तोच लॉगिननंतरही राहतो. तीन, आयडल टाइमआउट, म्हणजे काही काम न करता किती वेळाने आपोआप लॉगआउट होतं तो, ८ तासांचा आहे, तो १५ मिनिटं करा.

आता गंमत अशी की ग्राहकाचा आयटी मॅनेजर आणि आमचा प्रोजेक्ट मॅनेजर दोघेही तिसऱ्याच मुद्द्याला धरून बसलेत, कारण तो कॉन्फिगच्या एका ओळीत होतो आणि रिपोर्टमध्ये लगेच हिरवा दिसतो. वर पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलायला लावा अशी एक नवी मागणी जोडली. माझं म्हणणं, पहिले दोन खरे धोकादायक आहेत, तिसरा घाईत केला तर गेटवरची माणसं वैतागून काहीतरी पळवाट काढतील आणि आत्ता आहे त्यापेक्षा वाईट होईल. तुमच्याकडे किती टाइमआउट आहे? आणि वरच्यांना हे कसं पटवलंत?

सीवूड्सवाली | सोमवार, रात्री ९.३४

आमच्याकडे १० मिनिटं. चहा घेऊन जागेवर येईपर्यंत बाहेर. अर्धा फॉर्म भरलेला उडतो तेव्हा जे शब्द कानावर येतात ते इथे लिहिले तर संपादक धागाच उडवतील.

खाडीकाठ, जावा आहे का? जावाच्या वेब ॲपसाठीच्या सर्व्लेट मानकात ३.१ पासून सेशन आयडी बदलायची सोय आयतीच आहे, लॉगिन यशस्वी झालं की एक कॉल. स्प्रिंग सिक्युरिटी ही लायब्ररी असेल तर ती आपणहून करते. दुसरा मुद्दा अर्ध्या दिवसाचा आहे, वाद घालण्यापेक्षा करूनच टाका.

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९.४१

जावाच, पण स्ट्रट्स या जुन्या फ्रेमवर्कचा कोड, लॉगिन कोणीतरी हाताने लिहिलेलं. तरी बघतो, धन्यवाद.

नवी_भरती | सोमवार, रात्री ९.५५

प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. मी टेस्टिंगमध्ये आत्ताच लागलोय, घणसोलीला. सेशन सेशन म्हणतात ते नेमकं काय? पासवर्ड चोरीला गेला तर धोका हे कळतं, पण पासवर्ड न चोरता कसं काय कोणी आत येईल?

टोकन_रिंग | सोमवार, रात्री १०.२०

@नवी_भरती, बाळबोध अजिबात नाही. दहा-दहा वर्षं कोड लिहिणाऱ्यांनाही हे नीट सांगता येत नाही.

खोपोलीच्या वॉटर पार्कला गेलायस ना? गेटवर तिकीट बघतात, पैसे घेतात आणि मनगटाला एक पट्टा बांधतात. त्यानंतर आत प्रत्येक राइडवर तुला कोणी तिकीट विचारत नाही, पट्टा बघतात. पासवर्ड म्हणजे तिकीट आणि सेशन आयडी म्हणजे पट्टा. ब्राउझर आणि सर्व्हर ज्यातून बोलतात तो एचटीटीपी प्रोटोकॉल मुळात विसरभोळा, मागच्या क्लिकला कोण होतं हे त्याला माहीत नसतं. म्हणून लॉगिन झालं की सर्व्हर एक लांबलचक यादृच्छिक आकडा तयार करतो, तो कुकीत घालून ब्राउझरला देतो, आणि पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो परत पाठवतो. सर्व्हर फक्त तो आकडा ओळखतो. तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागला की त्याच्यापुरतं तो म्हणजे तूच. पासवर्ड नको, ओटीपी नको.

धागाकर्त्याचा पहिला मुद्दा म्हणजे माणूस बाहेर पडला तरी पट्टा चालूच. दुसरा मुद्दा जास्त छुपा आहे, त्याला सेशन फिक्सेशन म्हणतात. मी आधीच एक आकडा तुझ्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवतो, तू प्रामाणिकपणे लॉगिन करतोस, सर्व्हर तोच आकडा आता "लॉगिन झालेला" धरतो, आणि तो माझ्याकडे आहेच. पूर्वी लिंकमध्येच जेसेशनआयडी, म्हणजे हाच आकडा, चिकटलेला असायचा तेव्हा तर हे नुसती लिंक पाठवून जमायचं. यावरचा पेपर २००२ चा आहे. इतकी वर्षं झाली तरी ऑडिटमध्ये अजून निघतंच.

नवी_भरती | सोमवार, रात्री १०.२६

पट्टा कळला 🙏 म्हणजे उद्या मी माझ्याच कामाच्या ॲपवर लॉगआउट करून जुनी कुकी परत टाकून बघू शकतो?

टोकन_रिंग | सोमवार, रात्री १०.३१

टेस्ट सर्व्हरवर, आणि लीडला सांगून. प्रॉडक्शनवर नको. पण हो, टेस्टरने पहिली ही केस लिहायला हवी.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.४८

हा धागा माझ्याच कामाचा निघाला. मी सीएफएसमध्ये गेटवर आहे, उरण साइडला. कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर ते लिहीत नाही.

ऑफिसात बसून टाइमआउट ठरवणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात रात्री दोन वाजता गेटवर उभं राहावं. बाहेर ट्रेलरची रांग, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, सर्व्हेअर ओले ग्लोव्हज घालून आत येतो, सील नंबर सांगतो, मी टाकतो. मध्ये २० मिनिटं कोणीच येत नाही आणि मग एकदम पाच गाड्या. १५ मिनिटांनी लॉगआउट झालं तर दर वेळी कॅपिटल, आकडा, विशेष चिन्ह घालून पासवर्ड टाका. आमच्याकडे गेटच्या पीसीवर एकच लॉगिन आहे, तिन्ही शिफ्टचे लोक तेच वापरतात, पासवर्ड मॉनिटरच्या खाली पट्टीवर लिहिलेला आहे. चुकीचं आहे हे आम्हालाही कळतं. पण लॉगिनमागे लायसन्सचे पैसे लागतात म्हणून मॅनेजमेंटनेच एक घेतलंय, आणि उद्या एखादा कंटेनर चुकीच्या माणसाला सुटला तर सिस्टिममध्ये नाव "गेट१" असंच दिसणार, मग रात्री ड्युटीवर कोण होतं त्याला बोलवणार. ही भीती आम्हाला रोज असते. टाइमआउटपेक्षा मला माझ्या नावाचं लॉगिन द्या.

वॉर्ड_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७.०५

रात्रपाळीदादा, शब्द न शब्द पटला. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये आहे. सकाळी राउंडला डॉक्टर लॉगिन करून जातात आणि दिवसभर सगळा वॉर्ड त्याच स्क्रीनवर नोंदी करतो. इमर्जन्सीत पेशंटकडे बघायचं की लॉगिनकडे? पण मग औषधाच्या डोसची नोंद कोणी केली तर त्या डॉक्टरांनी, जे तेव्हा ओटीत होते. काही चुकलं तर ते कसं शोधणार?

आमच्याकडे आता आयकार्ड टॅप करायची सोय आली. कार्ड लावलं की माझी स्क्रीन, दुसरीने लावलं की तिची, माझी आपोआप बंद. शिफ्टच्या सुरुवातीला एकदा पिन टाकायचा, मग दिवसभर नुसतं कार्ड. ते आल्यापासून कोणीही कोणाचं लॉगिन वापरत नाही, आणि कोणी सर्क्युलर काढलं म्हणून झालं असं नाही, ते सोपं आहे म्हणून झालं.

वागळे_२२ | मंगळवार, सकाळी ९.२०

सिस्टर +१. आमचा वागळे इस्टेटला छोटा कारखाना आहे. ईआरपीमध्ये नऊ जणांची नावं आणि पासवर्ड एकच, कंपनीचं नाव ॲट १२३. यातला एकही शब्द वाढवून सांगत नाहीये. ऑडिट काय असतं ते आम्हाला जीएसटीपुरतंच माहीत होतं, पण धागा वाचून आज सगळ्यांचे पासवर्ड बदलायला बसवतोय.

सीवूड्सवाली | मंगळवार, सकाळी ९.३१

@वागळे_२२, ॲट १२४ करू नका फक्त 😄

व्हीएपीटीवाला | मंगळवार, दुपारी १.१५

मी अशा रिपोर्ट लिहिणाऱ्यांपैकीच, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. १५ मिनिटं आम्ही हवेतून काढत नाही. कार्ड पेमेंटचं मानक पीसीआय डीएसएस, त्यात १५ मिनिटं कामाविना गेली तर पुन्हा ओळख पटवा असं स्पष्ट लिहिलंय. पण ते कार्डचा डेटा जिथे आहे तिथल्या सिस्टिमला. कंटेनरच्या गेटला तेच जसंच्या तसं लावणं हा ऑडिटरचा आळस आहे, हे मी माझ्याच धंद्याबद्दल लिहितोय. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात सुरक्षेच्या मधल्या पातळीसाठी ३० मिनिटांची निष्क्रियता आणि काही झालं तरी १२ तासांनी पुन्हा लॉगिन, असं म्हटलं होतं. १२ तास म्हणजे एक शिफ्ट आरामात बसते.

आणि दर ३० दिवसांनी पासवर्ड बदला हे तर काढूनच टाका. त्याच २०१७ च्या मार्गदर्शनात निस्टने सांगितलंय की ठरावीक काळाने बळजबरीने बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. ज्या गृहस्थांनी २००३ मध्ये चिन्हं-आकडे आणि नियमित बदलाचे ते जुने नियम लिहिले होते त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. लोक काय करतात, जूनचा पासवर्ड जुलैमध्ये एक आकडा वाढवून पुढे. पीसीआयमध्येही ९० दिवसांची अट पासवर्ड हाच एकमेव घटक असेल तिथे आहे, ओटीपीसारखा दुसरा घटक असेल तर नाही.

पण टाइमआउट नकोच, हे मला मान्य नाही. ८ तास निष्क्रिय सेशन उघडं राहणं हे यार्डातल्या पीसीवर ठीक मानू, पण बिलिंगच्या टेबलवर? तिथे सीएचएचे, म्हणजे कस्टम्स एजंटचे, लोक दिवसभर ये-जा करतात, टेबलच्या पलीकडे वाकून स्क्रीन वाचतात.

खाडीकाठ | मंगळवार, दुपारी २.०२

व्हीएपीटीवाला, हे सोनं आहे. म्हणजे जागा आणि काम बघून वेगवेगळा टाइमआउट. एक अडचण मात्र आत्ताच लक्षात आली, आमचा यार्डचा डॅशबोर्ड दर ३० सेकंदांनी आपोआप रिफ्रेश होतो. सर्व्हरला वाटतं माणूस काम करतोय. म्हणजे १५ मिनिटं लावली तरी ते पान उघडं असलं तर सेशन कधीच मरणार नाही!

व्हीएपीटीवाला | मंगळवार, दुपारी २.१०

हे फार ठिकाणी आहे आणि रिपोर्टमध्ये हिरवं होऊन जातं. आपोआप होणारे कॉल निष्क्रियतेच्या मोजणीतून वगळा, आणि त्याच्यावर एकूण आयुष्याची मर्यादा वेगळी लावा, म्हणजे काहीही चालू असो, इतक्या तासांनी बाहेर.

कोपरी_पूल | मंगळवार, दुपारी ३.४०

तुम्ही सगळे मूळ गोष्ट सोडून फांद्या हलवताय असं मला वाटतं. आधी एमएफए लावा, म्हणजे पासवर्डबरोबर ओटीपीसारखा दुसरा घटक. अमेरिकेतली चेंज हेल्थकेअर, फेब्रुवारी २०२४, एका रिमोट लॉगिनच्या पोर्टलवर दुसरा घटक नव्हता, चोरलेल्या पासवर्डने आत आले, देशभरातली मेडिकल बिलं ठप्प आणि २ कोटी २० लाख डॉलर खंडणी दिली. तिच्या मालक कंपनीच्या, युनायटेडहेल्थच्या, प्रमुखाने संसदेपुढे हे कबूल केलंय. २०२१ मध्ये तिथलीच इंधनाची कलोनियल पाइपलाइन, जुनं व्हीपीएन खातं, एमएफए नाही, पेट्रोलपंपांवर रांगा. ते न करता कुकीचं काय घेऊन बसलात.

टोकन_रिंग | मंगळवार, सायंकाळी ७.५०

कोपरी_पूल, एमएफए लावायलाच हवा, त्यावर दुमत नाही. पण "आधी एमएफए, मग बाकी" या क्रमामुळेच सेशन मागे राहतं, कारण एमएफए लागला की सगळे हुश्श करतात. ट्रेनमध्ये बसून लिहितोय, लांबेल.

सर्कलसीआय, कोड आपोआप तपासून-बांधून देणारी सेवा, डेव्हलपर लोकांना माहीत असेल. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर आलं, अँटिव्हायरसने पकडलं नाही. एमएफए होता, सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर सगळी ॲप) होतं. मालवेअरने एमएफए पार करून तयार झालेली सेशन कुकी उचलली आणि दुसरीकडून तो इंजिनिअर बनून आत गेले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना सगळ्या ग्राहकांना सांगावं लागलं की तुमच्या सगळ्या गुप्त किल्ल्या बदला.

ऑक्टोबर २०२३, ऑक्टा. ही कंपनीच लॉगिन विकते. ग्राहक सपोर्टला एचएआर फाइल पाठवतात, म्हणजे ब्राउझरने काय काय मागितलं-पाठवलं त्याचं रेकॉर्डिंग, त्यात कुकीसुद्धा असते. सपोर्टच्या सिस्टिममध्ये घुसून १३४ ग्राहकांच्या फाइल्स गेल्या आणि त्यातल्या टोकननी, म्हणजे आपल्या पट्ट्यांनीच, ५ ग्राहकांची सेशन्स बळकावली. खाडीकाठ, तुमचा सपोर्टही ग्राहकाकडून एचएआर मागवत असेल तर ती आधी साफ करून घ्या. क्लाउडफ्लेअरने त्यानंतर त्यासाठी एक टूल काढलं, फुकट आहे.

आणि सिट्रिक्स ब्लीड, सिट्रिक्सच्या नेटवर्क उपकरणातली गळती, त्याच महिन्यातली. ही मला सगळ्यात शिकवणारी वाटते. उपकरणाच्या मेमरीतून चालू सेशनची टोकन गळत होती. १० ऑक्टोबरला पॅच आला, लोकांनी लावला, झोपले. पण पॅचआधी गळलेली टोकन पॅचनंतरही चालत होती, कारण सेशन्स कोणी मारलीच नाहीत. पॅच लावा आणि चालू असलेली सगळी सेशन्सही मारा, अशी सूचना पॅचनंतर काही दिवसांनी आली, तिचा दुसरा भाग अनेकांनी सोडला. अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल-इंटरनेट कंपनीच्या साडेतीन कोटींहून जास्त ग्राहकांची माहिती याच भोकातून गेली.

मुद्दा इतकाच, सर्व्हरवर "या माणसाची सगळी सेशन्स आत्ता मार" हे बटण नसेल तर तुमच्याकडे हल्ला थांबवायचं साधनच नाही. पासवर्ड बदलून काही होत नाही. धागाकर्त्याचा पहिला मुद्दा म्हणजे नेमकं तेच.

कोपरी_पूल | मंगळवार, रात्री ८.१५

सिट्रिक्सचं माहीत नव्हतं. क्रमाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, दोन्ही बरोबरच करायला हवं.

अवांतर: ठाणे-वाशी गाडीत बसून इतकं टाइप करायला जागा मिळाली?

टोकन_रिंग | मंगळवार, रात्री ८.२२

ऐरोलीला बसलो, गाडी उलटी पकडून 🙂

नवी_भरती | मंगळवार, रात्री ८.४०

मग स्टेशनवरच्या फुकट वायफायवर ऑफिसचं ॲप उघडलं तर कोणी कुकी उचलेल का?

टोकन_रिंग | मंगळवार, रात्री ९.०५

२०१० मध्ये हो. फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आलं होतं, उघड्या वायफायवर बसलेल्यांची फेसबुक-ट्विटरची सेशन्स डाव्या बाजूला नावं-फोटोंसकट दिसायची, क्लिक केलं की आत. करणाऱ्याचा हेतूच हा होता की कंपन्यांनी शरमेने सगळीकडे एचटीटीपीएस लावावं, आणि पुढच्या काही वर्षांत ते झालंही. आज सगळं एचटीटीपीएस असेल आणि कुकीवर सिक्युअर हा फ्लॅग असेल तर ती हवेतून उचलता येत नाही. एचटीटीपीओन्ली पण लावायचा, म्हणजे पानात घुसवलेली जावास्क्रिप्ट ती वाचू शकत नाही. टेस्टिंगमध्ये आहेस ना, हे दोन फ्लॅग उद्याच तपास. कंपनीच्या आतल्या ॲपवर "आपलंच नेटवर्क आहे" म्हणून साधं एचटीटीपी ठेवलेलं खूप सापडेल.

मेकरचेकर | मंगळवार, रात्री ९.३०

सहकारी बँकेत तीस वर्षं काढून निवृत्त झालो. आमच्याकडे मेकर-चेकर असायचं, एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. पद्धत फार चांगली. पण चेकर लग्नाला गेला की पासवर्ड मेकरला सांगून जायचा, आणि मग एकच माणूस दोन खुर्च्यांवर. नंतर अंगठा आला तेव्हा ते बंद झालं. कॉसमॉस बँकेतही २०१८ मध्ये पासवर्ड फुटूनच ९४ कोटी गेले ना?

व्हीएपीटीवाला | मंगळवार, रात्री ९.५२

काका, मेकर-चेकरबद्दल अगदी खरं. कॉसमॉसचं थोडं वेगळं होतं. तिथे ११ ऑगस्टला एटीएमच्या स्विचच्या, म्हणजे पैसे द्यायचे की नाही हे बँकेला विचारून सांगणाऱ्या सर्व्हरच्या, जागी चोरांनी स्वतःचा खोटा स्विच उभा केला. जगभरातल्या एटीएमवर क्लोन कार्डं घातली गेली, मंजुरीची विनंती बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचलीच नाही, खोटा स्विचच "हो, द्या" म्हणत राहिला. २८ देशांतून ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, मग १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून हाँगकाँगला आणखी जवळपास १४ कोटी. ग्राहकाचा पासवर्ड कुठेच आला नाही. पण मूळ प्रश्न हाच की समोरचा जो "हो" म्हणतोय तो खरा कोण आहे हे कोणी तपासलं का. माणसामाणसांत आपण ते तपासतो, मशीनमशीनमध्ये गृहीत धरतो.

मेकरचेकर | मंगळवार, रात्री १०.०१

दुरुस्तीबद्दल आभारी आहे. माझ्या नातवाने हे मला वेगळंच सांगितलं होतं, त्याला दाखवतो.

एचआर_ताई | बुधवार, सकाळी ११.१०

माझ्या बाजूचा एक अनुभव. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी आम्ही आयटीला मेल करतो, ते संध्याकाळी त्याचं खातं बंद करतात, चेकलिस्टवर टिक. आमच्याकडे सेल्सचा एक मुलगा गेला, खातं बंद झालं, आणि तरी नंतरही त्याच्या फोनवर सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींच्या ॲपमध्ये, सगळे ग्राहक दिसत होते. त्यानेच प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं म्हणून कळलं. आयटी म्हणे आम्ही तर बंद केलंय. मग कुठे चालू होतं?

खाडीकाठ | बुधवार, सकाळी ११.४५

ताई, हे आमच्याच मोबाइल ॲपसारखं असणार. खातं बंद केलं म्हणजे नवीन लॉगिन बंद झालं. फोनमध्ये आधीच दिलेलं टोकन त्याला कोणी विचारत नाही. जेडब्ल्यूटी प्रकारचं टोकन असेल तर त्याच्यावरच सही आणि मुदत लिहिलेली असते, सर्व्हर सही तपासतो, मुदत तपासतो आणि आत सोडतो, डेटाबेसमध्ये बघतच नाही की हा माणूस अजून नोकरीत आहे का. आमच्या ॲपमध्ये ती मुदत ७ दिवस आहे. कोणी ठरवली ते शोधतोय, कोडमध्ये नाव नाही.

सीवूड्सवाली | बुधवार, दुपारी १२.२०

जेडब्ल्यूटी हा शब्द निघायचीच वाट बघत होते. लोक म्हणतात सर्व्हरला काही लक्षात ठेवावं लागत नाही म्हणून वेगवान. अहो, लक्षात ठेवायचं नाही म्हणजेच रद्द करता येत नाही! एंटरप्राइझ सॉफ्टवेअरला एका सेशनसाठी एक डेटाबेसची ओळ वाचणं अजिबात जड नाही.

रोजच्या क्लिकबरोबर जाणारं ॲक्सेस टोकन १०-१५ मिनिटांचं ठेवा, आणि ते संपल्यावर नवं मिळवून देणारं रिफ्रेश टोकन डेटाबेसमध्ये, ते दर वेळी बदलायचं, जुनं परत आलं तर समजायचं की चोरी झाली आणि त्या माणसाची सगळी साखळी तोडायची. माणूस सोडून गेला की रिफ्रेश टोकनची ओळ उडवा, पंधरा मिनिटांत बाहेर. आणि जेडब्ल्यूटी तपासताना अल्गोरिदम टोकनच्या आतून वाचू नका, तो सर्व्हरवर ठरवून ठेवा. २०१५ मध्ये निघालं होतं की कितीतरी लायब्ररी अल्गोरिदम "नन" लिहिलेलं, म्हणजे सहीच नसलेलं टोकनही खरं मानत होत्या.

एचआर_ताई | बुधवार, दुपारी १२.५५

अर्धं कळलं, पण जेवढं कळलं तेवढं आज आयटीच्या मीटिंगमध्ये विचारते. चेकलिस्टवर "खातं बंद" च्या खाली "सगळी चालू सेशन्स बंद" अशी ओळ वाढवतेय.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४.३०

तो १८० दिवसांचा लॉग ठेवायचा नियम आहे ना सरकारचा? आमच्या आयटीवाल्याने सांगितलं, आम्ही ठेवतो म्हणून. पण सगळ्या लॉगमध्ये गेट१ गेट१ गेट१ असेल तर त्याचा उपयोग काय?

व्हीएपीटीवाला | बुधवार, सायंकाळी ६.०५

सर्ट-इनचे, म्हणजे सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश. १८० दिवसांचे लॉग आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. तुमचा प्रश्न माझ्या पुढच्या रिपोर्टमध्ये जसाच्या तसा टाकणार आहे. ६ तासांत काय कळवणार, गेट१ ने केलं म्हणून? सामायिक लॉगिन हा माझ्या मते खाडीकाठच्या तिन्ही मुद्द्यांपेक्षा मोठा दोष आहे आणि त्या व्हीएपीटीत तो आलेलाच नाही, कारण टेस्टर गेटवर गेलाच नाही, त्याला दोन टेस्ट लॉगिन मेलवर मिळाले आणि त्याने ऑफिसातून तपासलं.

वॉर्ड_सिस्टर | बुधवार, रात्री ८.१०

हे अगदी. बघायला या म्हणावं प्रत्यक्ष.

कोपरी_पूल | बुधवार, रात्री ८.३०

शनिवारी कट्टा करू या का, मामलेदारची मिसळ खाऊन? सेशन तिथेच चालू ठेवू.

सीवूड्सवाली | बुधवार, रात्री ८.३६

तिथे टाइमआउट कडक आहे, मागे उभे असतात लोक 😄 येते.

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री १०.१५

मूळ प्रश्नावर परत येतो, तीन दिवसांत बरंच घडलं.

पटवायचं कसं, तर बोलून काही झालं नाही. काल ग्राहकाच्या आयटी मॅनेजरसमोर टेस्ट सर्व्हरवर त्यांच्याच हाताने बिलिंगचं लॉगिन करायला सांगितलं, मग लॉगआउट करायला सांगितलं. आधी कॉपी करून ठेवलेली कुकी माझ्या लॅपटॉपवर टाकली आणि त्यांच्या नावाने बिलाचं पान उघडून दाखवलं. खोलीत पुढचा प्रश्न त्यांचाच होता, हे कधी दुरुस्त होईल. १५ मिनिटांचा विषय परत निघाला नाही.

ठरलं ते असं. लॉगआउटला सर्व्हरवरचं सेशन मारायचं, आणि आमचे दोन सर्व्हर असल्यामुळे दुसऱ्यावरची प्रतही. पासवर्ड बदलला किंवा खातं बंद केलं की त्या माणसाची सगळी सेशन्स जातील, ॲडमिनला त्यासाठी वेगळं बटण. सेशन आयडी लॉगिनला बदलतो, ते तर मंगळवारीच केलं, सीवूड्सवाली यांचे आभार, स्ट्रट्स असून अडलं नाही. बिलिंग आणि ऑफिसला ३० मिनिटं. गेट आणि यार्डला शिफ्टभर, ९ तासांची कमाल मर्यादा, डॅशबोर्डचे कॉल मोजणीतून बाहेर. मात्र डीओवर माल सोडताना आणि दर बदलताना सेशन कितीही ताजं असलं तरी पिन पुन्हा मागायचा. ३० दिवसांचा पासवर्ड रद्द, निस्टचा उतारा दाखवल्यावर त्यांनीच काढला. ऑफिसच्या लॉगिनला एमएफए पुढच्या रिलीजला.

रात्रपाळी, तुमची पोस्ट मी आमच्या मॅनेजरना पूर्ण वाचून दाखवली, नाव न सांगता. गेटसाठी प्रत्येकाच्या नावाचं लॉगिन आणि आयकार्ड टॅप, सिस्टरांनी सांगितलं तसं. लायसन्सचा प्रश्न आमच्या बाजूचा होता, तर गेटच्या जागेला एक लायसन्स आणि त्यावर कितीही माणसं, असं मागितलं. सेल्सवाले अजून तयार नाहीत. मी सोडणार नाहीये.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११.२०

दादा मनापासून धन्यवाद. कार्ड रीडर गेटच्या खिडकीच्या आत बसवा, बाहेर नको, पाऊस थेट आत येतो. आणि पिनचे आकडे मोठे ठेवा स्क्रीनवर, ग्लोव्हजने दाबता आले पाहिजेत.

व्हीएपीटीवाला | शनिवार, सकाळी ८.४०

खाडीकाठ, रीटेस्टला टाइमआउटचा मुद्दा ऑडिटर आपणहून बंद करणार नाही, १५ दिसले नाहीत की लाल. त्याला आधीच लिहून द्या की गेटला पर्यायी नियंत्रण काय आहे: वैयक्तिक कार्ड, शिफ्टची कमाल मर्यादा, संवेदनशील कामाला पुन्हा पिन. आणि त्याला एका रात्रीच्या शिफ्टला गेटवर बोलवा.

खाडीकाठ | शनिवार, सकाळी ९.०२

लिहून दिलं. रीटेस्ट पुढच्या महिन्यात आहे, गेटवर यायला तो तयार झालाय. मोबाइलचं ७ दिवसांचं टोकन तेवढं अजून बाकी आहे, ते सोमवारी उघडतो.